बटाट्याच्या कडा

हे कुणाला पटायचं नाही, आणि ज्याला पटेल त्यानं आपली तब्येत एकदा दाखवून घ्यावी; पण गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी आंबेगावातल्या एका तीन मजली घराच्या गच्चीवर गेनबांनी असा काही आयरिश स्ट्यू शिजवला, की त्याच्या वासानं कात्रजच्या सर्पोद्यानातले नाग फणा काढून ओळीनं उभे राहिले, डेअरीतलं दूध न तापवताच वर आलं, आणि स्वारगेटकडे निघालेल्या तीन बसगाड्या वळून उलट्या आल्या. उतारूंनी तक्रार केली नाही. उलट ताटं मागितली.

यातलं स्ट्यू शिजला एवढं खरं आहे. बाकीची जबाबदारी गेनबांची, आणि ती त्यांनी सत्त्याहत्तर वर्षांत कधी घेतलेली नाही.

मार्केट यार्डात बटाट्याच्या गाळ्यावर गेनबांनी चाळीस वर्षं माल पारखला. गाडी लागली की पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातला बटाटा काढायचा, नखानं साल खरवडायची, मधोमध कापायचा आणि दोन फाका एकमेकींवर घासायच्या. फाका चिकटल्या, कडेला पांढरा फेस आला, तर माल पिठूळ. फाका घसरल्या तर चिवट. गेनबा एकच शब्द बोलायचे आणि त्या शब्दावर गाडी रिकामी व्हायची. त्या एका शब्दाच्या बाबतीत ते आयुष्यात खोटं बोलले नाहीत. त्याची भरपाई त्यांनी बाकी सगळीकडे केली. कात्रजच्या घाटात रानडुकरासमोर मांडी घालून त्यांनी अर्धी भाकरी वाटून खाल्ली होती. आग्र्याहून आलेल्या एका ट्रकमध्ये एवढा मोठा बटाटा होता, की त्याच्या सावलीत सहा हमालांनी डबे सोडले.

घरात या थापांना एक नियम होता. ऐकणाऱ्यानं थाप पकडली की जमिनीवर हात आपटून मोठ्यानं म्हणायचं, "थाप!" सांगणाऱ्यानं तिथल्या तिथे तोंड मिटायचं, पुढं एक अक्षर नाही. मात्र पकडणाऱ्यानं 'कशावरून' ते सांगायचं. नुसता संशय चालत नसे. नात ऋतुजा यात सगळ्यांत पटाईत. सात वर्षांची असताना तिनं सावलीवाला बटाटा धरला होता. "थाप! एवढा मोठा होता तर ट्रकमध्ये चढवला कुणी?" गेनबांनी तेव्हा जे तोंड मिटलं, ते रात्रीच्या जेवणालाच उघडलं. आनंदानं. असं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं.

ती ऋतुजा सप्टेंबरात डब्लिनला शिकायला गेली. बापाचा विरोध होता. आठ महिने घरात भांडण चाललं, आणि शेवटी विमानतळावर, सगळ्यांच्या देखत, बापाकडे न बघता ती म्हणाली होती, "काही झालं तरी मी रडत फोन करणार नाही." कुणी मागितलं नव्हतं असलं वचन. पण दिलं खरं.

रडत फोन तिनं केला नाही. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता हसत फोन यायचा, तेव्हा तिकडे जेमतेम दुपार होत असायची. ऑक्टोबरात आजीनं, म्हणजे विजयमालाबाईंनी, पडद्याला नाक लावून विचारलं, "गळ्याची हाडं वर आलीत तुझ्या. काय खातीस गं?"

"अगं आजी, इथं भारी जेवण असतं," ऋतुजा म्हणाली. "माझी लँडलेडी आहे ना, नोरा. ती दर शनिवारी कॉडल करते. म्हणजे स्ट्यूच. सॉसेज, बेकन, कांदा, बटाटा. आम्ही सगळे एका टेबलावर बसतो."

त्या दिवसापासून नोरा ही आंबेगावात नोराबाई झाली. विजयमालाबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती, सॉसेज म्हणजे डुकराच्या खिम्याच्या नळ्या आणि बेकन म्हणजे त्याच्याच खारवलेल्या मांसाच्या पट्ट्या हे कळल्यावर त्यांनी दोन्ही कानांना हात लावले, पण नोराबाईंना मात्र मनोमन आशीर्वाद दिला. पोरीला कुणीतरी वाढतंय. त्यांना झोप लागायला लागली.

गेनबांनाही लागली. चार आठवडे. पाचव्या आठवड्यात मोडली.

कारण गोष्ट दर रविवारी सुधारत होती. आधी नुसत्या नोराबाई होत्या. मग त्यांचे यजमान आले, ते कवळी काढून जेवायचे. मग एक मांजर आलं, ते फक्त बेकनचा वास आला की जिना उतरायचं. मग नोराबाईंचा एक डाव आला, त्यांच्या सासूचा, त्याला कुणी हात लावायचा नाही. विजयमालाबाई प्रत्येक तपशिलाला मान डोलवत होत्या आणि शेजारी बसलेले गेनबा मात्र हळूहळू गार पडत होते. कवळी, मांजर, सासूचा डाव. हे सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. माणसं नव्हे, जोडणी. घडलेली गोष्ट दर खेपेला तशीच सांगितली जाते, वर कंटाळाही येतो. जिला आठवड्याला नवा दागिना चढतो ती गोष्ट कुठून येते, हे गेनबांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनीच शिकवलं होतं.

पण 'थाप' म्हणायचं तर कशावरून? मांजर जिना उतरत नाही, असं कसं म्हणायचं?

मग डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ऋतुजा म्हणाली, "आणि आबा, बटाटा! तुम्ही पाहिजे होतात. तोंडात घातला की पीठ, असा विरघळतो. आणि तीन तास शिजूनसुद्धा फोडीच्या कडा कशा, आत्ताच सुरीनं कापल्यासारख्या."

गेनबांनी मान डोलवली. शुक्रवारी सकाळी ते बस पकडून मार्केट यार्डात गेले.

गाळ्यावर आता मालकाचा नातू बसत होता. त्यानं उठून पाय धरले. गेनबांनी अर्धा तास पोती चाचपली आणि दोन ढिगांतून पाच-पाच बटाटे काढले.

"बाबा, दहा बटाटे? पोतं पाठवून देतो की."

"पोत्याचं काम न्हाय. साक्षीदार पायजेत."

शनिवारी ते कॅम्पातल्या एका मांसाच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसानं चष्म्यावरून बघितलं.

"आयरिश सॉसेज हायत का?"

"आयरिश नाहीत. वानवडीचे आहेत. चालतील?"

"डुकराचेच ना?"

"पाकिटावर तसं लिहिलंय. मी त्याला भेटलो नव्हतो."

"लाल नकोत. तिखट नकोत. अगदी पांढरे द्या. आन् थोडं बेकन."

"लाल नको, तिखट नको. कुणी आजारी आहे का घरी?"

"त्येच बघायचंय," गेनबा म्हणाले.

रविवारी मुलगा आणि सून, म्हणजे ऋतुजाचे आई-बाप, लग्नाला सासवडला गेले होते, ते बरं झालं. घरात माळ असल्यामुळे मटण-मासे जे काय व्हायचे ते गच्चीवर, वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या डावानं, आणि त्या भांड्यांना जिना उतरायची परवानगी नव्हती. गेनबांनी पाण्याच्या टाकीच्या सावलीत दोन शेगड्या पेटवल्या आणि दोन पातेली चढवली. ऋतुजानं सांगितलेली रीत त्यांनी कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवली होती. तळाला कांद्याच्या चकत्या. त्यावर बेकन. त्यावर सॉसेज, न परतता, तसेच. वर बटाट्याच्या जाड फोडी. बुडेल एवढं पाणी, मीठ, काळी मिरी. झाकण. मंद आच. तीन तास.

हळद नाही, हे त्यांनी तीनदा वाचलं.

एका पातेल्यात पिठूळ बटाटा, दुसऱ्यात चिवट. बाकी सगळं सारखं. विस्तव सारखा राहावा म्हणून ते मध्येच इकडचा निखारा तिकडे करत होते. बाजूच्या सोसायटीच्या बाल्कन्यांतून वाळत घातलेल्या कपड्यांआडून दोन-तीन चेहरे डोकावले. ती सोसायटी उभी होती तिथं पूर्वी गेनबांच्या भावकीची ज्वारी असायची. आता तिथल्या बाराव्या मजल्यावरून एक बाई म्हणाली, "काका, धूर होतोय."

"धूर न्हाय ताई, वाफ हाय. परदेशी हाय म्हनून वळख पटत न्हाय."

बाईनं खिडकी लावली.

तीन तास हा मोठा वेळ आहे. गाळ्यावर गेनबा तीन तासांत दोन गाड्या रिकाम्या करत. इथं करण्यासारखं काहीच नव्हतं. झाकण उघडायचं नाही असं लिहिलं होतं. ते टाकीला टेकून बसले आणि वासाकडे लक्ष दिलं. पहिल्या तासात कांदा. दुसऱ्या तासात बेकनचा धुरकट, खारट वास, आणि त्यातून वर येणारं काहीतरी मऊ, आजारपणातल्या पेजेसारखं. त्यांच्या मनात आलं, हे एकट्या माणसाचं जेवण नव्हे. एकटा माणूस स्वतःसाठी तीन तास विस्तव राखत नाही. कुणी बाहेरून गारठून येणार असलं तरच राखतो. नोराबाई असत्या तर त्या चांगल्या बाई असत्या.

चार वाजता त्यांनी पहिलं झाकण काढलं. सॉसेज फिकट, फुगलेले, फार वेळ धुणं धुतलेल्या बोटांसारखे. दिसायला काही खास नाही. त्यांनी वाटीत रस्सा घेतला, फुंकला आणि घोट घेतला. तोंड वाकडं करायची त्यांनी तयारी ठेवली होती, ती वाया गेली. चव साधी होती. खारट, मिरीचा हलका चटका, आणि तळाशी कांद्याची गोडी. मसाल्यामागं लपायला जागाच नव्हती. जे पातेल्यात घातलं तेच वाटीत येत होतं.

मग त्यांनी डाव खाली घातला. पिठूळ बटाट्याचं पार पिठलं झालं होतं. एक फोड शाबूत नव्हती. रस्सा दाट, तोंडात विरघळणारा, पण कडा कुठल्या आणि काय.

दुसरं झाकण काढलं. फोडी जशाच्या तशा. कडा सुरेख. एक तोंडात घातली. साबणासारखी घसरली.

पदर नाकाला लावून विजयमालाबाई जिन्याच्या दारात येऊन उभ्या होत्या. पुढं येणार नव्हत्या.

"झाला का तुमचा रस्सा? का नुसतंच भिकाऱ्यागत वाटी घेऊन बसलायसा?"

"झाला."

"मग तोंड का असं? यातला पोरीचा कोंचा?"

गेनबांनी एका पातेल्याकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे.

"दोन्ही न्हाय."

"म्हंजी?"

"ती म्हनली, पिठावानी इरघळतो, आन् कडाबी ऱ्हात्यात. तीन तास शिजून. असला बटाटा नसतो, माले."

"तिकडचा येगळा आसंल की."

"माती येगळी आसंल. पानी येगळं आसंल. पन पिठूळ बटाटा तीन तास पान्यात ठेवला तर मोडनारच. न्हाय मोडला, तर मग त्यो पिठूळ न्हाय. तिनं दोन बटाट्यांचं चांगलं-चांगलं घेऊन एक बटाटा क्येला. मला आवडावा म्हनून." ते थांबले. "तिनं ह्यो रस्सा कवा तोंडातच घेतला न्हाय."

विजयमालाबाईंचा पदर नाकावरून खाली आला. वास विसरून त्या दोन पावलं पुढं आल्या आणि पाण्याच्या टाकीला हात टेकून उभ्या राहिल्या.

"मग नोराबाई?"

गेनबांनी दोन्ही झाकणं परत लावली.

"म्हंजी पोरगी तिथं एकटी हाय," विजयमालाबाई म्हणाल्या. "आन् मी हितं खुशाल झोपतीया. अवो, मग सरळ इचारायचं सोडून बटाट्याला काय इचारत बसलायसा?"

"तिला इचारलं तर ती म्हनंल, मी मजेत हाय. आन् फुडच्या रविवारी अजून एक मांजर यील."

"मग फोनवर सांगा तिला, तुझं सगळं कळलं म्हनून."

"आन् मग? बापाम्होरं छाती पुढं काढून गेलीया ती. आपन पकडली तर तिकडं भित्तीकडं तोंड करून बसंल, आन् फोन करायचं सोडंल. तिचं तिनं सांगितलं पायजे."

"ती कशापायी सांगंल?"

"नेम हाय आपला," गेनबा म्हणाले. "मी आज थाप मारतो."

"आज! ह्या टायमाला!" विजयमालाबाईंनी कपाळावर हात मारला. "देवा, काय मानूस दिलास."

पाच वाजता फोन आला. गच्चीवरच घेतला. गेनबांनी मोबाईल पाण्याच्या पाइपाला टेकवून ठेवला. मागं दोन पातेली दिसतील असा. पडद्यावर ऋतुजा. अंगात जाडजूड जाकीट, खोलीत असूनही. मागं तीच निळसर भिंत, जिच्यावर कधी कुणाची सावलीसुद्धा पडलेली या दोघांनी पाहिली नव्हती.

"आबा! हे काय? तुम्ही खरंच केलं?"

"क्येलं म्हंजी! आता हे तुला पटायचं न्हाय," गेनबांनी मांडी ठोकली, "पन झाकन काढलं आन् वास जो सुटला, त्यो थेट सर्पोद्यानात. सगळे नाग फणा काढून एका रांगेत. शाळेतल्या पोरांवानी."

ऋतुजा हसली. हात मात्र आपटला नाही.

"डेअरीतलं दूध आपोआप वर आलं. तितला सायेब धावत आला, म्हनला गेनबा, झाकन लाव, न्हायतर आज पुन्याला खवा वाटावा लागंल."

"मग?" ती म्हणाली. आता ती खरोखर हसत होती. दात दिसत होते, डोळे बारीक झाले होते. सप्टेंबरानंतर असं हसणं विजयमालाबाईंनी पाहिलं नव्हतं. त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं.

"मग स्वारगेटच्या तीन गाड्या फिरल्या माघारी. डायवर म्हनला, इंजान ऐकना. उतारू समदे खाली. ही तुझी आजी, माळकरी, सगळ्यांना वाढत होती."

"मी?" विजयमालाबाई उसळल्या. "चोळामोळा करीन हां तुमचा."

"आजी, पांढरा रस्सा वाढत होतीस?" ऋतुजा डोळे पुसत म्हणाली. एवढ्या तीन थापा झाल्या, दूध झालं, गाड्या झाल्या, तरी ती 'थाप' म्हणाली नाही. तिला गोष्ट संपायला नको होती. एकदा शब्द उच्चारला की आबांनी तोंड मिटायचं, हे ती विसरली नव्हती.

गेनबांनी पाणी प्यायलं. आवाज खाली आणला. गाळ्यावर एक शब्द बोलायच्या आधी आणायचे तसा.

"आन् बटाटा," ते म्हणाले. "अगदी तू म्हनलीस तसाच उतरला बघ. मी स्वतः यार्डातून निवडून आनला. पिठूळ, येकदम. तोंडात घातला की इरघळला. आन् तीन तास झाले तरी कडा अशा, सुरीनं आत्ता कापल्यावानी. नोराबाईंना सांग, त्यांचा बटाटा आंबेगावात पास झाला."

हे बोलताना त्यांची मान थोडी खाली गेली. चाळीस वर्षांत त्यांनी मोडली नव्हती ती एक गोष्ट त्यांनी आज मोडली होती, आणि ती मोडताना कसं वाटतं हे त्यांना माहीत नव्हतं.

ऋतुजाचं हसणं थांबलं.

मागच्या बाल्कनीत कुणीतरी चादर झटकली. विजयमालाबाई काही बोलणार होत्या. गेनबांनी, पडद्यावर दिसणार नाही असा, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुम्ही हातानं कापलात तो बटाटा?" ऋतुजानं विचारलं.

"व्हय."

"फाका घासल्यात?"

"घासल्या की. फेस आला."

"आणि तीन तासांनी कडा होत्या?"

"होत्या."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग नजर त्यांच्या खांद्यावरून मागं गेली, दोन पातेल्यांकडे. एक नाही, दोन. दोन का, हे कळायला तिला फार वेळ लागला नसावा. शेवटी ती सात वर्षांची असल्यापासून हेच करत आली होती. तिचा हात पडद्याच्या खाली गेला, आणि डब्लिनमधल्या कुठल्यातरी टेबलावर एकदा, हलकेच, आपटल्याचा आवाज आंबेगावच्या गच्चीवर ऐकू आला.

"थाप," ती म्हणाली.

"कोंची?" विजयमालाबाई घाईनं पुढं झाल्या. "नागांची व्हय?"

"नाही आजी."

"मग बसगाड्यांची? मी वाढलं ती? ती तर थापच की गं!"

"नाही. बटाट्याची."

गेनबांनी तोंड मिटलं होतं. नियमच होता तो. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते ताठ बसले होते, आणि आता कुणी लाख दिले तरी त्यांच्याकडून एक अक्षर निघणार नव्हतं. तेव्हा विचारायचं काम विजयमालाबाईंवर आलं. त्यांनी माळेवर हात ठेवला आणि ज्या आवाजात त्या तिला लहानपणी ताप आला का विचारायच्या, त्याच आवाजात विचारलं, "कशावरनं गं, बाळा?"

ऋतुजानं जाकिटाची बाही डोळ्यांवरून फिरवली.

"कारण तो बटाटा माझा आहे, आजी. मीच रचलाय तो. नोराबाईंसकट."